आत्याचा हात आणि हलका क्लिक

“आत्याले ठेवलं बाहेर अन् सोताचं नाव टाकून घेतलं पोट्टीनं.”

हे माझ्या मागे, दोन बायका सोडून तिसरीने म्हटलं. तिने ते हळूच म्हटलं, पण अकोल्यातलं हळूच आणि माझ्या अमरावतीच्या इंग्लिश मीडियम शाळेतलं हळूच यांत फरक आहे. आमच्या शाळेत हळूच म्हटलेलं बाकावरच्या शेजारणीलाही ऐकू जात नसे. इथलं हळूच फाटकावरच्या वॉचमनने ऐकलं आणि वर मान करून पाहिलं की पोट्टी कोणती.

मी वळले नाही. आवाज ओळखीचाच होता. त्या आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या काकू होत्या.

आम्ही पोहण्याच्या तलावाच्या फाटकाशी रांगेत उभ्या होतो. बायकांच्या उन्हाळी बॅचचा पहिला दिवस. मे महिना, दुपारचे चार. माझ्या हातात पास होता, पासवर माझं नाव आणि माझा फोटो. आत्या माझ्या शेजारी होती, पण रांगेच्या बाहेर, कारण तिच्याकडे पास नव्हता. तिच्या खांद्यावर माझी पिशवी होती. पिशवीत माझा पोहण्याचा ड्रेस, माझा टॉवेल, दोन रबरी टोप्या, एक माझी आणि एक तिची, आणि माझे कोरडे कपडे. आत्या एकसष्ट वर्षांची. तिने सुती साडी नेसली होती, आणि साडीच्या आत पोहण्याचा पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा काळा ड्रेस घातला होता. हे फक्त तिला आणि मला माहीत होतं. “का घातलास?” असं मी घरून निघताना विचारलं होतं. “घातला,” ती म्हणाली, “जागा भेटो ना भेटो. शिवून ठेवला तं घालू नको?” अकोल्याच्या मे महिन्यात साडीच्या आत तो ड्रेस म्हणजे काय, हे तिच्या कपाळाकडे पाहून कळत होतं.

काकू म्हणत होत्या ते चूक होतं. मी माझं नाव टाकून घेतलं नव्हतं. पण खरं काय झालं ते सांगितलं असतं, तर आत्याचं गल्लीत जे एकमेव पद होतं ते गेलं असतं. म्हणून मी गेले तीन आठवडे गप्प होते. तशी मी सव्वीस वर्षं गप्पच आहे, त्यामुळे कोणाला वेगळं काही जाणवलं नाही.

मी दीड वर्षांपासून आत्याकडे अकोल्याला राहते. घरातलं अधिकृत कारण असं, की आत्या एकटी असते, तिला सोबत. खरं कारण असं, की अमरावतीच्या घरी पाहुणे फार येतात आणि प्रत्येकाला मी काय करते ते सांगावं लागतं. मी घरून काम करते. परदेशातल्या दवाखान्यांचे कागद येतात, त्यांतल्या आजारांना आणि ऑपरेशनांना ठरावीक कोड लावायचे असतात. दिवसभर मी कधी न पाहिलेल्या लोकांच्या गुडघ्यांना आणि मूतखड्यांना नंबर देते. संध्याकाळी एक गोळ्या झाडायचा गेम खेळते, जगभरच्या लोकांबरोबर. गेममध्ये सगळे एकमेकांशी माईकवर बोलतात. मी माईक कधी लावलेला नाही. हा गेम खेळते हे घरात फक्त आत्याला माहीत आहे, आणि तिला वाटतं तोही कामाचाच भाग आहे.

या सगळ्याची सुरुवात माझ्या जुन्या माऊसपासून झाली. तो एकदा दाबला की दोनदा दाबला जायला लागला. गेममध्ये हे चाललं असतं, पण कामात एका माणसाच्या एकाच गुडघ्याचं ऑपरेशन दोनदा झालं. वरून मेल आली. मी माऊस घेऊन आमच्या घराखालीच, कोपऱ्यावर दुकान असलेल्या चाचांकडे गेले. चाचा मिक्सर, पंखे आणि जुने रेडिओ दुरुस्त करतात. त्यांनी माऊस उघडला, डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ आत पाहत राहिले.

“बेटा, इसकी पत्ती थक गई.”

मग त्यांनी मला नीट दाखवलं. बटणाखाली एक डबी असते, इवलीशी, आणि तिच्यात तांब्याची बारीक पट्टी. दाबलं की पट्टी वाकते, टक्कन खाली टेकते, सोडलं की परत येते. लाखो वेळा असं वाकून ती ढिली पडते आणि टेकताना थरथरते. थरथरली की कॉम्प्युटरला वाटतं दोनदा दाबलं. चाचांनी पट्टी बदलून दिली. चार महिन्यांनी नवीही थकली. या वेळी एका बाईला, अहवालानुसार, चार मूतखडे झाले. खरे दोनच होते.

म्हणून मी नवा माऊस मागवला. त्याचे व्हिडिओ मी महिनाभर पाहत होते. त्यात पट्टी नाहीच. बोट किती खोल गेलं ते आतल्या चुंबकाने आणि तारेच्या वेटोळ्याने मोजतात, आणि आपल्याला क्लिक झाल्यासारखं वाटावं म्हणून आतून एक छोटंसं यंत्र बोटाला हलका धक्का देतं. म्हणजे क्लिक खरा नसतो. बोटाच्या समाधानासाठी असतो. शिवाय किती दाबलं म्हणजे दाबलं म्हणायचं, हे आपण ठरवायचं: एक ते दहा. दहावर ठेवला तर मनापासून दाबावं लागतं. एकवर ठेवला तर बोट टेकवण्याचा विचार केला तरी पुरे. माझ्यासारख्या माणसाला हे फार आवडलं. आयुष्यात काही गोष्टी दाबून सांगाव्या लागतात, इथे नुसतं टेकलं तरी ऐकून घेत होते.

पार्सल आलं तेव्हा मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तोवर आत्याने खोकं उघडून माऊस जेवणाच्या टेबलावर ठेवला होता आणि दाबून पाहत होती.

“हा तं मेला वं,” ती म्हणाली. “वाजतच नाही.”

“आत्या, तो कॉम्प्युटरला जोडल्यावरच क्लिक होतो.”

“काहून? आधीचा तं असाच वाजे. खिशात घातला तरी वाजे.”

मी समजावून सांगितलं. तिने अर्धं ऐकलं आणि चाचांना हाक मारली. चाचा वर आले, माऊस तळहातावर घेऊन त्याचं वजन पाहिलं, उलटा केला, कानाशी धरला. मी जोडून दिल्यावर त्यांनी बोट टेकवलं आणि दचकून उचललं.

“पत्ती नहीं?”

“नहीं, चाचा.”

“तो ये टक्-टक् कौन कर रहा?”

“एक छोटी मोटर है. बोटाला वाटावं म्हणून.”

चाचांनी पुन्हा एकदा बोट टेकवून पाहिलं. “मतलब अंदर बैठके कोई चिमटी काटता है,” ते म्हणाले, “और हम समझते हैं हमने दबाया.” मग त्यांनी स्क्रू कुठे आहेत ते शोधायला सुरुवात केली, तेव्हा मी माऊस हळूच काढून घेतला. किंमत आत्याने विचारली तेव्हा मी पाणी प्यायला उठले.

आता आत्याच्या पदाबद्दल सांगते. आत्याला हातगुण आहे. हे ती स्वतः म्हणत नाही, गल्ली म्हणते. लोणच्यात पहिलं मीठ आत्याने टाकलं तर बुरशी येत नाही. बाळाच्या गोधडीला पहिला टाका आत्याने घातला तर बाळ रात्री रडत नाही. कुंडीत मेथी आत्याने पेरली तर चौथ्या दिवशी दिसते. गावाकडे तिचे चुलतभाऊ अजूनही पेरणीच्या दिवशी बार्शीटाकळीहून गाडी पाठवतात, कारण पहिली मूठ आत्याच्या हातून पडायला हवी. चाचासुद्धा एखादा हट्टी मिक्सर दुरुस्त झाला की खालून हाक मारतात, “आपा, बटन आप दबाओ.” आत्या पदर खोचून खाली जाते, बटण दाबते, मिक्सर चालतो. तो चाचांनी दुरुस्त केलेला असतो म्हणून चालतो, हे मला दिसतं. पण चाचांनाच त्याचं काही वाटत नाही, तर मी कशाला बोलू.

या हाताला आयुष्यात एकच गोष्ट मिळाली नव्हती, ती म्हणजे पाणी. गावात विहीर होती. उन्हाळ्यात आत्याचे सगळे भाऊ, त्यांत माझे बाबाही, पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत उड्या मारत. आत्या काठावर बसून त्यांचे कपडे राखत असे. माकडं कपडे पळवतात, असं तिला सांगितलं होतं. “गावात एक माकड नव्हतं,” आत्या आता सांगते. “हे मले लगन झाल्यावर लक्षात आलं.”

दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका मंडळाच्या तलावात बायकांची वेगळी बॅच सुरू झाली. जागा चाळीस. नोंदणी ऑनलाइन, ठरलेल्या दिवशी सकाळी दहाला उघडणार, आधी येईल तिला जागा. पहिल्या वर्षी आत्या स्वतः तलावावर गेली, तेव्हा तिला सांगितलं की सगळं मोबाईलवर झालं. दुसऱ्या वर्षी तिने एका दुकानात बसून फॉर्म भरला. पत्त्यापर्यंत आली तेव्हा जागा संपल्या. या वर्षी तिने नोंदणीच्या आधीच काळा ड्रेस शिवून घेतला आणि कपाटात नवीन साड्यांच्या वर ठेवला.

“औंदा घरात माऊस आहे,” तिने सगळ्यांना सांगितलं. “भल्ला फास्ट. हात लावला का झालंच.”

मी एकदा म्हणून पाहिलं की फॉर्म भरायला माऊसचा वेग लागत नाही. हे मी म्हटलं तेव्हा ती कुकरची शिटी मोजत होती.

नोंदणीच्या दिवशी साडेनऊपासून मी कॉम्प्युटरसमोर बसले होते. आत्याने आंघोळ करून माऊसला कुंकू लावलं. मी नको म्हणायच्या आत लावलं, आणि मग मी त्याच्या सेन्सरवर गेलेलं कुंकू टिश्यूने पुसत बसले. समोरच्या काकू बघायला आल्या होत्या. त्यांचाही फॉर्म भरायचा होता, पण त्यांना सून मोबाईलवर भरून देणार होती. त्या पलंगावर मोबाईल घेऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, “तू तुह्यं कर बाई, आमचं काय, आमी साधे लोक.”

साइटवर आधी मोबाईल नंबर टाकून, त्यावर मेसेजने आलेला सहा आकडी ओटीपी भरून आत शिरायचं होतं. आत्याच्या फोनची मेमरी देवांच्या फोटोंनी आणि शुभ सकाळींनी भरलेली, तिला मेसेज येईल की नाही याची खात्री नव्हती. म्हणून मी माझा नंबर टाकला. एका नंबरवर एक नोंदणी. मला वाटलं नंबर कोणाचाही चालेल, नाव आत्याचं टाकलं की झालं. माऊस मी आदल्या संध्याकाळी गेमसाठी एकवर ठेवला होता, सगळ्यात हलका. तो बदलायचं माझ्या लक्षात आलं नाही.

दहा वाजले. फॉर्म उघडला. मी नावाच्या चौकोनात गेले आणि ब्राउझरने आपण होऊन माझं नाव, माझं वय, माझा अमरावतीचा पत्ता, सगळं भरून टाकलं. ते असं नेहमी करतं, मदत म्हणून. माझा बाण खाली ‘नोंदणी करा’ या बटणाजवळ होता. मी वाचत होते. आता वर जाऊन नाव खोडायचं आणि आत्याचं लिहायचं, एवढंच काम होतं. बोट माऊसवर नुसतं ठेवलेलं होतं.

“थांब,” आत्या म्हणाली. “हात माहा, माऊस तुहा.”

आणि तिने तिचा हात माझ्या हातावर ठेवला.

बोटाला आतून एक चिमटी बसली.

स्क्रीनवर हिरवी खूण आली. अभिनंदन, आपली नोंदणी यशस्वी झाली आहे. खाली माझं नाव.

“झालं?” आत्याने विचारलं.

मी नवीन खिडकी उघडली, आत्याचा नंबर टाकला. “तुझा फोन, आत्या, फोन,” एवढं मात्र मोठ्याने म्हणाले. फोन स्वयंपाकघरात होता. काकू धावल्या, त्यांचं हे मी मान्य करते. फोन घेऊन त्या दारातूनच मेसेजमधला ओटीपी वाचायला लागल्या:

“एकोणऐंशी! त्रेपन्न! सदुसष्ट!”

मी दहावीपर्यंत सगळे आकडे इंग्रजीत शिकले. भाजीवाल्याशी व्यवहार करताना पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर एवढं मला येतं. एकोणऐंशी म्हणजे सात-नऊ की आठ-नऊ, हे मला शांतपणे बसून ठरवावं लागतं.

“एकोणऐंशी म्हणजे सात-नऊ का, काकू?”

“एकोणऐंशी म्हणजे एकोणऐंशी वं! ऐंशीले एक कमी!”

मी सात-नऊ टाकलं. मग त्रेपन्नला अडले. काकूंनी शेवटी फोन माझ्या डोळ्यांसमोर धरला. मी आकडे भरले, आत गेले. ‘सर्व जागा भरल्या आहेत.’ दहा वाजून तीन मिनिटं झाली होती. त्याच वेळी पलंगावरचा काकूंचा मोबाईल वाजला. त्यांच्या सुनेने ऑफिसातून कळवलं होतं की सासूबाईंचं काम झालं. चहा पिता पिता, अंगठ्याने.

मग सगळं उघड झालं. माझं नाव, माझं वय, हिरवी खूण. काकूंनी स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि “बरं, कुकर लावायचा आहे मले” म्हणून गेल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीत ठरलं होतं की मी वरून गोगलगाय आहे.

सांगायला एकच वाक्य होतं: आत्याचा हात पडल्यामुळे क्लिक झाला. पण गल्लीने ते वाक्य कसं घेतलं असतं याचा मी विचार केला. आत्याच्या हाताने आत्याचीच जागा गेली. मग लोणच्यांचं काय, गोधड्यांचं काय, महिन्याभरावर आलेल्या पेरणीचं काय? एकदा हाताबद्दल शंका आली की लोक जुन्या बुरशीसुद्धा आठवून काढतात.

आत्याने मात्र मला काही विचारलंच नाही. दोन दिवस ती नेहमीपेक्षा जास्त प्रेमाने वागली, त्यामुळे मला जेवण जाईना. तिसऱ्या दिवशी ती फोनवर माझ्या बाबांशी बोलत होती, ते मी आतून ऐकलं.

“तिले हौस होती रे,” ती सांगत होती. “पोरीले सांगता आलं नाही. आपल्यालेच समजाले पायजे होतं. मी आपली सोताचीच घोडी दामटून राहिली.”

पलीकडून बाबा काहीतरी म्हणाले.

“तू गप रे,” आत्या म्हणाली. “तुह्ये कपडे राखले मी. आता माही भाची पोहून राहिली तं मी तिचे राखीन. यात तुले काय तरास आहे?”

म्हणजे दोन मतं तयार झाली होती. काकूंच्या मते मी लबाड होते. आत्याच्या मते मला लहानपणापासून पोहायचं होतं आणि मी लाजेने कधी बोलले नव्हते. खरं म्हणजे मला कधीच पोहायचं नव्हतं. मी अमरावतीच्या घरी हौदात पाय सोडायलाही घाबरायचे. चाळीस बायकांसमोर ओल्या कपड्यांत उभं राहायचं, ही कल्पनाही मला नको होती. मी तलावाच्या ऑफिसला विचारलं, अर्थात मेसेज करून, की माझी जागा आत्याला देता येईल का. उत्तर आलं, नाव बदलता येणार नाही, उमेदवार न आल्यास जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या बाईला जाईल. प्रतीक्षा यादीत मी आत्याचं नाव त्याच दिवशी टाकलं होतं, आणि ती बाविसावी होती.

“तं तू जायच,” आत्याने निकाल दिला. “जागा वाया जाऊ द्याची नाही. मी येतो संग.”

चाचांना मात्र काहीतरी समजलं होतं. मी मिक्सरचं भांडं आणायला गेले तेव्हा त्यांनी न बघताच विचारलं, “वो नया माऊस कितने नंबर पे रखा था, बेटा?”

“एक पे.”

“और आपा का हाथ कितने किलो का?”

मी भांड्यासाठी हात पुढे केला. त्यांनी ते पुसून माझ्या हातात दिलं. “मैं तो कुछ नहीं बोला,” ते म्हणाले. “मेरे को भी धंदा करना है इधर.”

तर अशा आम्ही रांगेत होतो. फाटक उघडलं. पासवाल्या बायका एका बाजूने कपडे बदलायला, बाकीच्या दुसऱ्या बाजूने, कठड्यापलीकडच्या बाकांवर. मी पिशवीतून माझा ड्रेस आणि टोपी घेतली, आणि घालून बाहेर आले. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून टोपीच्या आत केस घालत राहिले. सगळ्याच जणी काहीतरी घालत होत्या. काकूंनी ड्रेसवरून नवऱ्याचा एक शर्ट घातला होता, पूर्ण बटणं लावून.

ट्रेनर मॅडम आल्या. बुटक्या, गळ्यात शिट्टी, पाय फाकवून उभ्या.

“आधी ऐका,” त्या म्हणाल्या. “पाणी इथं कमरेएवढं आहे. कोणी बुडत नाही. पण पहिल्या दिवशी अर्ध्या जणी काठच सोडत नाहीत, हे मले माहीत आहे. तं ज्या बाईले एकटीनं उतराचं भेव वाटते, तिनं पहिले आठ दिवस घरची एक बाई संग पाण्यात आणावी. तिले पास नको. फक्त ड्रेस अन् टोपी पायजे. मागच्या दोन्ही वर्षी मी पाहिलं, आठ दिवसांत पाच-सहा जणी गळतेत. मंग जी बाई पाण्यात उतरलेली आहे तिलेच मी पुढं ठेवतो. यादीतल्या बायका फोन उचलत नाहीत.”

मी कठड्याकडे पाहिलं. आत्या माझी पिशवी मांडीवर घेऊन पहिल्या बाकावर बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, पाण्याकडे बघत होती. बघता बघता तिने खांद्यावरची पिन काढली आणि दातांत धरली.

“तं सांगा,” मॅडम म्हणाल्या, “भेव कोणाले वाटते?”

कोणी हलेना. चाळीस बायका काठावर उभ्या होत्या. एकीने शेजारणीचं मनगट असं धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. काकूंच्या दोन्ही हातांत लोखंडी शिडी होती.

“आमाले कायचं भेव?” काकू म्हणाल्या. “आमी काय लेकरं आहो?”

सगळ्या हसल्या. मॅडमनी शिट्टी तोंडाजवळ नेली. मी हात वर केला, पण अर्धाच, कानापर्यंत. मॅडमना वाटलं मी टोपी नीट करते आहे.

“मॅडम,” मी म्हणाले.

“काय? ऐकू नाही आलं. मोठ्यानं बोल.”

चाळीस टोप्या माझ्याकडे वळल्या. काकूंनी शिडी न सोडता मान वळवली. बाकावर आत्याचा पदर सुटला होता, दातांत पिन होती, त्यामुळे तिला काही बोलता येत नव्हतं, आणि साडीच्या निऱ्यांजवळ तो काळा ड्रेस आता कोणालाही दिसला असता.

“मला पाण्याची फार भीती वाटते,” मी म्हणाले. आवाज पाण्यावरून पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला आणि परत आला, म्हणून पुढचं त्याहून मोठ्याने म्हणावं लागलं. “आधी माझ्या आत्याला पाण्यात घ्या, मग मी उतरते!”